शून्याचं टोक

किल्ला मोजायला बाई आल्या तेव्हा
मला दिवसाचे साडेतीनशे ठरले,
आणि काम एवढंच
की फितीचं शून्याचं टोक दगडाला लावून धरायचं
आणि हलायचं नाही.

बाई अलिबागेकडच्या. आडनाव तांडेल.
पहिल्याच सकाळी पाळीवर उभ्या राहून म्हणाल्या,
इथे पाण्याला वास नाही.
मी म्हटलं, आहे. शिंगाड्याच्या वेलीचा. गाळाचा.
त्यांना पाहिजे होता तो वेगळा असेल.

धानोलीच्या तलावाला आम्ही ढिवर समिंदर म्हणतो.
समुद्र कोणी पाहिला होता? कोणीच नाही.
ह्या पाळीवरून त्या पाळीवरचा माणूस
बाई आहे की बाप्या ते कळत नाही,
आमच्यासाठी तेवढं पुरे झालं.

उत्तरेची भिंत बावीस मीटर सत्तर.
पूर्वेची, आग्या मोहोळामुळे, नंतर.
बुरूज चार, त्यातला एक आता नुसता बोरीचा.
चुन्यात बेलाचा गर आहे, उडदाचं पीठ आहे,
असं मी ऐकलेलं सांगितलं.
बाईंनी नखानं चुना खरवडला, जिभेला लावला,
आणि बराच वेळ काही लिहिलं नाही.
मग म्हणाल्या, यात शिंपल्या आहेत.

शिंपल्या तर आमच्या तलावातही निघतात.
तेच तर, त्या म्हणाल्या.
चुनखडीची खाण दोन कोसांवर असताना
इथल्या चिखलात हात घालून
शिंपल्या वेचून भाजत कोण बसेल,
ज्याला दुसरा चुना ठाऊकच नाही त्याच्याशिवाय?

त्या घडीपासून किल्ला मला नवाच दिसायला लागला,
असं लिहिणार होतो. खोटं आहे.
मला भूक लागली होती.

जेवल्यावर त्यांनी दाखवलं.
पाण्याकडच्या बुरुजाला कोपरा नाही, पोट आहे,
लाट आली तर घसरून जावी म्हणून.
पायथ्याच्या दगडांत चुना भरलेलाच नाही,
पाण्यानं आत शिरावं, दमावं, परत जावं.
दरवाजा दोन बुरुजांच्या कुशीत वळवलेला,
समोरून येणाऱ्या गलबताला दिसू नये असा.

गलबत!
आमच्याकडे एका खोडाचा डोंगा आहे,
दोघं बसले की तिसऱ्यानं पोहायचं.

संध्याकाळी लटारूमामा जाळं सांधत होता.
बाईंनी विचारलं, पाण्याखाली काही आहे का हो?
राक्षसाचे दात आहेत, मामा म्हणाला, मान वर न करता.
त्याच्या आजाचं जाळं जिथे फाटलं
तिथेच बापाचं, तिथेच त्याचं.
बुरुजापासून साठ वाव सरळ, मग मोहाच्या झाडाकडे वळून.
सकाळी डोंग्यातून बांबू टाकत गेलो.
टक.
पुढे गेलो. टक.
एकेचाळीस वेळा टक.

पाण्याखालची भिंत. गलबतांचे तळ फोडायची.
बाई डोंग्यात हात सोडून उभ्या राहिल्या
आणि डोंगा हललासुद्धा नाही, तांडेलच त्या.
समोर बघितलं तर
गणवीरांचं धानाचं बांध आणि त्यावर एक बगळा.
गलबतं येणार होती ती तिकडून?

गवंड्याचं नाव, गाव: वहीतला रकाना रिकामा.
कोणा राजानं सांगितलं असेल, समिंदराकाठी किल्ला बांध.
तो महिनाभर बैलगाडीच्या मागे चालत आला असेल
आणि हे पाणी बघून हसला असेल,
किंवा बसून राहिला असेल.
मग हातानं जे येत होतं ते बांधलं.

बाई शुक्रवारच्या साकोली गाडीनं गेल्या.
अहवालात, म्हणाल्या, चार ओळी येतील.
आता वारा सुटला की मी कधीमधी बुरुजावर जातो,
कोणी साडेतीनशे देत नाही तरी.
वीतभर लाट येते,
दगडाच्या पोटाला लागते
आणि सांगितल्यासारखी बाजूनं निघून जाते.

मामाचं जाळं परवा पुन्हा फाटलं.
म्हणाला, तुह्या बाईले पूस,
ते दात काढता येते का.
मी विचारलं नाही.